वर्कस्टेशन घेताना : वेग आणि उपलब्धता यांचा हिशेब

आपल्या कापड धंद्यात संगणक आता नवा राहिलेला नाही. नक्षी काढणे, रंग वेगळे करणे, जकार्डसाठी डिझाइन तयार करणे, डिजिटल छपाईच्या यंत्राला फाइल देणे, भरतकामाच्या यंत्रासाठी पंचिंग करणे, ही सर्व कामे आज पडद्यासमोर बसून होतात. साध्या संगणकावर भागत नाही तेव्हा 'वर्कस्टेशन' नावाचे महाग यंत्र घ्यावे लागते. ते घेताना आपण सूत घेताना करतो तितकीही चौकशी करीत नाही. दुकानदार जो आकडा सांगेल तो ऐकतो आणि बयाना देऊन मोकळे होतो.

मीही हेच केले. डिसेंबर २०२१ मध्ये मी व माझा भाचा डिझाइनच्या कामासाठी यंत्र बघायला गेलो. जगभर चिपची टंचाई चालू होती. एका दुकानदाराकडे एक यंत्र तयार होते, पण ते आदल्या वर्षीचे. दुसऱ्याने जे दाखवले ते कागदावर दुप्पट वेगाचे होते. त्याचे ग्राफिक्स कार्ड 'तीन आठवड्यांत येईल' असा वायदा होता. भाचा म्हणाला, "मामू, घ्यायचेच तर नवे घ्या." मी बयाना दिला. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. यंत्र हाती आले तेव्हा रमजान सुरू झाला होता आणि ३ मे २०२२ च्या ईदचा छापील माल शेजाऱ्याने केव्हाच रवाना केला होता. त्याने तेच जुने, तयार यंत्र उचलले होते. माझी दोन कायमची गिऱ्हाइके त्या हंगामात त्याच्याकडे गेली आणि त्यातले एक परत आले नाही.

तेव्हापासून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. संगणकाच्या इतिहासात ही चूक मोठमोठ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनीही केलेली आहे. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. संगणकाची भाषा मला नंतर, धंद्यातूनच शिकावी लागली. म्हणून उदाहरणे मागावरची आणि गोदामातली देत आहे.

वर्कस्टेशन म्हणजे काय?

१९८० पूर्वी मोठे काम करणारा संगणक एका खोलीत असे आणि वीस-तीस माणसे त्याच्यावर पाळीपाळीने काम करीत. एकाच माणसाच्या टेबलावर बसणारे, मोठ्या पडद्याचे, चित्र काढू शकणारे आणि दुसऱ्या यंत्रांशी तारेने जोडलेले असे बलवान यंत्र द्यावे, ही वर्कस्टेशनची कल्पना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० मध्ये अपोलो कॉम्प्युटर ही कंपनी निघाली आणि १९८१ मध्ये तिने आपले पहिले वर्कस्टेशन बाजारात आणले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म १९५५ साली पुण्याचा. पुढे डिजिटल, हॅवलेट-पॅकार्ड, आयबीएम आणि सिलिकॉन ग्राफिक्स याही कंपन्या या बाजारात उतरल्या. १९८७ ते १९९५ या काळात त्यांच्यात जी चढाओढ झाली ती आपल्यासाठी चांगला धडा आहे, कारण 'सर्वात वेगवान कोण?' हा प्रश्न तेव्हा दर काही महिन्यांनी नव्याने निघत असे.

वेग मोजायचा कसा?

मागावरून समजून घेऊ. एक माग मिनिटाला १२० पिक टाकतो. दुसरा १६० टाकतो. विकणारा सांगेल, दुसरा माग एक तृतीयांशाने वेगवान. पण पहिल्यावर इंचाला ४८ पिकांचे कापड आहे आणि दुसऱ्यावर ८० पिकांचे. पहिला मिनिटाला अडीच इंच कापड देतो, दुसरा दोनच इंच. म्हणजे पिकांचा आकडा मोठा आणि कापड कमी. गिऱ्हाइकाला पिक विकायचे नसतात, मीटर विकायचे असतात.

संगणकातही असेच आहे. त्याच्या आत एक ठोका चालतो, त्याला क्लॉक म्हणतात आणि तो मेगाहर्ट्झ किंवा गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. पण एका ठोक्यात किती काम होते ते प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. सनचे स्पार्कस्टेशन १ हे यंत्र एप्रिल १९८९ मध्ये आले. त्याचा क्लॉक २० मेगाहर्ट्झ होता आणि कंपनीने सांगितलेला वेग साडेबारा मिप्स. आयबीएमने फेब्रुवारी १९९० मध्ये आरएस/६००० ही मालिका काढली. तिच्यातील ३२० या मॉडेलचा क्लॉकही २० मेगाहर्ट्झच, पण सांगितलेला वेग सुमारे २७ मिप्स. ठोका एकच, काम दुपटीहून जास्त. कारण आयबीएमची चिप एका ठोक्यात एकापेक्षा जास्त आज्ञा पार पाडू शकत होती.

आता हे मिप्स काय? सेकंदाला किती दशलक्ष आज्ञा पाळल्या, याचे ते माप. पण एक यंत्र लहान लहान आज्ञांनी काम करते, दुसरे मोठ्या आज्ञांनी. त्यामुळे पुन्हा पिक आणि मीटरचा घोटाळा होतो. यातून मार्ग म्हणून लोकांनी डिजिटल कंपनीच्या १९७७ सालच्या व्हॅक्स ११/७८० या यंत्राला 'एक मिप्स' धरले आणि बाकीच्यांना त्याच्या पटीत मोजू लागले. पुढे मोजणी झाली तेव्हा दिसले की ते व्हॅक्स स्वतःच्या आज्ञा सेकंदाला सुमारे पाच लाखच पाळते. म्हणजे ज्या शेराने सारा बाजार तोलला जात होता तो शेरच अर्धा होता. तरी सर्वांनी तोच शेर वापरला असता तर तुलना चालली असती. पण पटीत मोजायला जे काम दिले जाई ते ड्राइस्टोन नावाचा १९८४ सालचा एक लहानसा कार्यक्रम असे. तो इतका लहान की यंत्राच्या जवळच्या, जलद मेमरीत पुरा मावून जाई. खरे काम तितके लहान कधीच नसते. नमुन्याचा हातरुमाल झटपट विणला म्हणून चादर तितक्याच वेगाने विणली जाईल असे कोणी म्हणत नाही.

स्पेकची स्थापना आणि एका ओळीची करामत

या गोंधळाला कंटाळून १९८८ मध्ये अपोलो, हॅवलेट-पॅकार्ड, मिप्स आणि सन या स्पर्धक कंपन्यांनीच एकत्र येऊन स्पेक नावाची संस्था काढली. ('मिप्स' हे मापाचे नाव आहे तसे एका चिप बनवणाऱ्या कंपनीचेही होते, गल्लत करू नये.) १९८९ मध्ये स्पेकने खऱ्या वापरातून घेतलेल्या दहा कार्यक्रमांचा संच काढला. प्रत्येक काम व्हॅक्सला किती वेळ लागते आणि नव्या यंत्राला किती, त्याची पट काढायची आणि दहा पटींची भौमितिक सरासरी घ्यायची. त्या आकड्याला स्पेकमार्क म्हणत.

भौमितिक सरासरी का? समजा नऊ कामांत दोन यंत्रे सारखीच आहेत आणि दहाव्या कामात एक यंत्र नऊपट वेगवान आहे. साधी सरासरी काढली तर ते यंत्र ८० टक्क्यांनी पुढे दिसेल. भौमितिक सरासरीत ते सुमारे २५ टक्क्यांनीच पुढे दिसते. एका कामाचा फुगवटा दाबला जातो, पण पुरता जात नाही.

आणि नेमके तेच घडले. त्या दहांत मॅट्रिक्स ३०० नावाचे एक काम होते. त्याचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जाई. १९९१ च्या सुमारास कंपन्यांनी आपले कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कार्यक्रम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, असे सुधारले की त्या एका ओळीचे काम तुकड्यातुकड्याने, जवळच्या मेमरीत होऊ लागले. आयबीएमच्या ५५० या यंत्रावर या एका कामाचा वेग नऊपटीहून अधिक वाढला. यंत्र तेच, चिप तीच. यात खोटे काही नव्हते. ओळ खरोखर जलद चालत होती. पण ज्याचे काम त्या ओळीसारखे नव्हते त्याला त्या आकड्याचा काही उपयोग नव्हता. १९९२ च्या नव्या संचातून स्पेकने मॅट्रिक्स ३०० काढून टाकले आणि पूर्णांकांची कामे व दशांशांची कामे यांचे आकडे वेगळे केले.

आपण यातून घ्यायची गोष्ट अशी की सरासरीचा एकच आकडा कधी पाहू नये, कामावार आकडे पाहावेत. त्यातही आपल्या कामाच्या जवळचे काम कोणते ते आधी शोधावे.

जाहीर झाले आणि हाती आले, यातील अंतर

आता उपलब्धतेकडे येऊ. वर दिलेल्या स्पार्कस्टेशनला त्याच वर्षी तगडा स्पर्धक होता. डिजिटलने जानेवारी १९८९ मध्ये डीईसीस्टेशन ३१०० आणले. त्याचा वेग सुमारे १४ मिप्स, म्हणजे सनपेक्षा थोडा जास्त. फेब्रुवारी १९९० मध्ये आयबीएम सुमारे २७ वर गेली. मार्च १९९१ मध्ये हॅवलेट-पॅकार्डने ७०० मालिका काढली; तिचे ७३० मॉडेल ६६ मेगाहर्ट्झवर ७६ मिप्स सांगत होते. दोन वर्षांत पाच-सहापट!

अशा बाजारात उशिराला किंमत असते. अभ्यासकांनी हिशेब केला आहे की १९८६ ते २००३ या काळात चिपचा वेग दरवर्षी सरासरी सुमारे ५२ टक्क्यांनी वाढत गेला. मग सहा महिन्यांत किती वाढला? सुमारे २३ टक्के. म्हणजे एखाद्या कंपनीने 'आमचे यंत्र बाजारापेक्षा २३ टक्के वेगवान' अशी घोषणा केली आणि माल सहा महिन्यांनी दिला, तर माल हाती पडेपर्यंत बाजार तिच्या बरोबरीला आलेला असे. गिऱ्हाइकाने सहा महिने वाट पाहिली ती फुकट.

सनलाही याचा अनुभव आला. मे १९९२ मध्ये तिने स्पार्कस्टेशन १० जाहीर केले. त्यातील सुपरस्पार्क चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बनवत होती. ही चिप हवी तितक्या वरच्या क्लॉकवर सुरुवातीला मिळेना, म्हणून पहिली मॉडेले ३३, ३६ आणि ४० मेगाहर्ट्झवर आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत डिजिटलने अल्फा चिप जाहीर केली होती. तिचा क्लॉक दीडशे मेगाहर्ट्झ व त्याहून वर. अल्फाची वर्कस्टेशने नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आली आणि वेगात त्यांनी सर्वांना मागे टाकले.

मग सगळे गिऱ्हाईक अल्फाकडे गेले का? नाही. अल्फाचे युनिक्स १९९३ मध्ये आले, आणि त्यावर चालणारे डिझाइनचे, नकाशांचे, हिशेबाचे कार्यक्रम त्यानंतर हळूहळू आले. सनची यंत्रे वेगात मागे होती, पण बहुतेक कार्यक्रम आधी सनवर निघत. ज्याला आजच काम करायचे होते त्याने सन घेतले.

अपोलो आणि सन यांची कथाही हीच. अपोलो आधी आली, तिचे यंत्र चांगले होते, पण तिची ऑपरेटिंग सिस्टिम, तिची जोडणी, सगळे तिचे स्वतःचे. सनने बाजारात सहज मिळणारे भाग घेतले आणि सर्वांना माहीत असलेले युनिक्स घातले. नवा भाग निघाला की सनचे नवे यंत्र लवकर निघे. १९८० चे दशक सरण्यापूर्वी सन पुढे गेली होती आणि १९८९ मध्ये अपोलो हॅवलेट-पॅकार्डने विकत घेतली.

उपलब्धतेचे चार अर्थ

या साऱ्यावरून दिसेल की 'उपलब्ध आहे' या एका शब्दात चार वेगळे प्रश्न आहेत.

पहिला, माल गोदामात आहे की वायद्यावर? हा प्रश्न आपल्या धंद्यात रोजचा आहे, तरी संगणकाच्या दुकानात आपण तो विसरतो.

दुसरा, त्यावर आपले काम चालवणारा कार्यक्रम आहे का? माग आला पण त्याच्या मापाची फणी मिळत नाही, अशी स्थिती होते.

तिसरा, आपल्याला ते घेता येते का? भारताने हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. १९८० च्या दशकात हवामानाच्या कामासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला, तेव्हा मागितलेला न देता त्याहून लहान क्रे एक्स-एमपी १४ देण्यात आला. तो १९८९ मध्ये दिल्लीत बसला. याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० तयार केला. त्यात सहज मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप अनेक संख्येने जोडल्या होत्या. एक बलवान चिप मिळत नाही तर अनेक साध्या चिप जोडून काम करा, हा मार्ग. व्यापारासाठीही संगणक त्या काळी आयात करणे जड होते. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील मूळ आयात शुल्क शून्यावर आले, तेव्हा वाट मोकळी झाली.

चौथा अर्थ सर्वात महत्त्वाचा : घेतल्यावर यंत्र चालू किती दिवस राहते? याचा हिशेब सोपा आहे. चालू राहिलेला काळ भागिले चालू आणि बंद मिळून झालेला एकूण काळ. समजा एक यंत्र सरासरी ९० दिवस चालते आणि मग बिघडते, पण दुरुस्त करणारा गावातच आहे आणि एका दिवसात चालू करून देतो. ९० भागिले ९१, म्हणजे सुमारे ९९ टक्के. दुसरे यंत्र १८० दिवस चालते, म्हणजे दुप्पट टिकाऊ; पण त्याचा सुटा भाग परदेशातून येतो आणि २० दिवस जातात. १८० भागिले २००, म्हणजे ९० टक्के. जे कमी बिघडते तेच वर्षाकाठी जास्त दिवस बंद राहते! मागवाल्याला हे सांगायला नको. माग कोणता चांगला यापेक्षा जॉबर किती वेळात येतो यावर कारखान्याचे मीटर ठरतात.

सर्व मिळून हिशेब

आता माझ्या २०२१ च्या चुकीचा हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत.

एका डिझाइनला ५२ मिनिटे लागतात. त्यात ४० मिनिटे कारागीर हाताने काम करतो आणि १२ मिनिटे यंत्र विचार करते, तो बसून राहतो. दुप्पट वेगाचे यंत्र आणले तर १२ ची ६ मिनिटे होतील, पण ४० ची ४० च राहतील. एकूण ४६. म्हणजे 'दुप्पट' वेगातून प्रत्यक्षात मिळाले फक्त १३ टक्के. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता : कामाचा जो भाग जलद होत नाही, तोच शेवटी पूर्ण कामाचा वेग अडवून धरतो.

दिवसाला आठ तास, म्हणजे ४८० मिनिटे धरा. जुने यंत्र दिवसाला सुमारे ९.२ डिझाइने देते, नवे १०.४. हंगाम ६० दिवसांचा. जुने यंत्र तीन दिवसांत बसते, उरतात ५७ दिवस : ५२६ डिझाइने. नवे यंत्र महिन्याने येते असे जरी धरले, तरी उरतात ३० दिवस : ३१३ डिझाइने. हंगामात २१३ डिझाइनांचा तोटा. नवे यंत्र जुन्याला गाठणार कधी? हिशेब केला तर सुमारे २३७ व्या दिवशी, जवळजवळ आठ महिन्यांनी. आणि माझे यंत्र महिन्याने नव्हे, त्याहून बरेच उशिरा आले.

पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून पाहावा. ज्याच्या कामात हाताची १० मिनिटे आणि यंत्राची ४२ मिनिटे जातात, त्याला दुप्पट वेगाने ५२ च्या जागी ३१ मिनिटे लागतील. त्याला वाट पाहणे परवडू शकते. हाच हिशेब धरला तर त्याचे नवे यंत्र सुमारे ७० व्या दिवशीच जुन्याला गाठते. म्हणून माझे उत्तर सर्वांचे उत्तर नाही. आपल्या कारागिराजवळ घड्याळ घेऊन एक दिवस बसा, दोन्ही वेळा लिहून काढा, मग ठरवा.

आजची स्थिती

त्या काळातील बहुतेक कंपन्या आज स्वतंत्र राहिलेल्या नाहीत. डिजिटलला १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतले, कॉम्पॅक २००२ मध्ये हॅवलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ आणि २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सन जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. त्यांची महाग यंत्रे ज्यांनी घेतली होती, त्यांना पुढे सुटे भाग शोधत फिरावे लागले. आज वर्कस्टेशन म्हणून विकली जाणारी बहुतेक यंत्रे इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर चालतात. त्यामुळे कार्यक्रमांची अडचण कमी झाली आहे. शिवाय २००३ नंतर एकेका चिपचा वेग वाढण्याची गती मंदावली. म्हणजे पूर्वीप्रमाणे 'थांबलो तर फार वेगवान मिळेल' हा युक्तिवाद आता तितका खरा राहिलेला नाही, आणि तयार माल घेण्यात पूर्वीइतका तोटा नाही.

आजच्या आकड्यांत एक नवी मेख आहे. डब्यावर 'बूस्ट' म्हणून जो गिगाहर्ट्झ छापलेला असतो, तो थोडा वेळ, यंत्र थंड असताना मिळतो. चिप तापली की यंत्र स्वतःच वेग कमी करते. भिवंडी किंवा मालेगावात उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे रुई उडत असते आणि पंख्याच्या जाळीवर थर बसतो, तिथे तो आकडा तासभरही टिकत नाही. वातानुकूलित दुकानात पाच मिनिटे चालवून पाहिलेले यंत्र आपल्या शेडमध्ये तसे चालेलच असे नाही.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. आपल्याच कामाची एक मोठी फाइल सोबत न्या. दोन्ही यंत्रांवर ती चालवा आणि घड्याळ लावा. किमान अर्धा तास सलग चालवा.

२. छापील आकडा दाखवला तर विचारा : हा कोणत्या कामाचा आहे? एका कामाचा की सरासरीचा? सरासरी असेल तर कामावार आकडे मागा.

३. यंत्र आज गोदामात आहे का? नसेल तर कोणता भाग यायचा आहे? तो भाग सोडून बाकी यंत्र आजच मिळेल का, आणि नंतर तो बसवून मिळेल का?

४. वायद्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. तारीख टळली तर बयाना परत मिळेल, हेही लिहून घ्या.

५. बिघडल्यास कोण येणार, किती दिवसांत, आणि पॉवर सप्लाय, डिस्क, पंखा हे भाग जवळच्या शहरात मिळतात का?

६. विजेच्या चढउतारासाठी यूपीएसचा खर्च धरला आहे का? न धरल्यास चांगले यंत्रही आठवड्यात दोनदा बंद पडेल.

७. आपला हंगाम किती दिवसांवर आहे? हा प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःला विचारा, आणि सर्वांत आधी विचारा.

आपणही माल विकणारे आहोत, म्हणून शेवटी एक गोष्ट. १९८३ मध्ये ऑस्बोर्न या अमेरिकन कंपनीने आपल्या पुढच्या, अधिक चांगल्या संगणकाची बातमी माल तयार होण्याआधीच बाहेर जाऊ दिली. जुना माल घेणारे थांबले, नवा माल तयार नव्हता. कंपनीच्या इतरही अडचणी होत्या, पण त्याच वर्षी सप्टेंबरात ती दिवाळखोरीत गेली. नव्या डिझाइनचा नमुना गिऱ्हाइकाला दाखवण्यापूर्वी त्याचे किती थान गोदामात आहेत ते आपण मोजून घ्यावे. मी ते आता नियमाने करतो. भाचाही कोटेशन आणताना किंमत आणि वेग यांच्या आधी तिसरा रकाना भरून आणतो : 'माल हजर आहे की नाही'.